घनतेचं सूत्र सोपं, गोची आकारमानाची

"एक किलो लोखंड जड की एक किलो कापूस?" हे कोडं लहानपणी कुणी ना कुणी घातलेलं असतंच, आणि पहिल्या वेळी बहुतेक सगळे "लोखंड" म्हणून फसलेले असतात. मग कोडं घालणारा मोठ्या तोऱ्यात सांगतो, दोन्ही एक एक किलोच की! आपण ओशाळतो आणि विषय तिथेच संपतो.

मला मात्र त्या फसणाऱ्या पोराची बाजू घ्यावीशी वाटते. आपण एरवी "लोखंड लाकडापेक्षा जड असतं" असं म्हणतो, तेव्हा तरी आपल्या मनात वजन कुठे असतं? ओंडका खिळ्यापेक्षा जडच असतो. आपल्याला म्हणायचं असतं ते असं, की तेवढ्याच आकाराचे दोन तुकडे घेतले तर लोखंडाचा जास्त भरेल. मराठीत "जड" हा एकच शब्द दोन्हीकडे राबवला जातो, म्हणून घोटाळा होतो. पोराच्या डोक्यात जी गोष्ट असते तिला नाव आहे. ती घनता.

घनता म्हणजे ठरावीक जागेत किती वस्तुमान मावलं आहे ते. सूत्र एका ओळीचं:

घनता = वस्तुमान ÷ आकारमान

समजा धातूचा एक ठोकळा ५ सेंटिमीटर लांब, ४ रुंद आणि २ उंच आहे. आकारमान ५ × ४ × २ = ४० घन सेंटिमीटर. काट्यावर तो १०८ ग्रॅम भरला. १०८ ÷ ४० = २.७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. तक्त्यात पाहिलं तर ही अ‍ॅल्युमिनिअमची घनता. आता हाच ठोकळा मधोमध कापा. वस्तुमान निम्मं, आकारमानही निम्मं, आणि भागाकार पुन्हा २.७. भागाकाराने आकार पुसून टाकला. म्हणूनच घनता त्या ठोकळ्याची न राहता पदार्थाची होते आणि तिच्यावरून पदार्थ ओळखता येतो.

सूत्र उलटंपालटं करून उरलेल्या दोन गोष्टीही काढता येतात: वस्तुमान म्हणजे घनता गुणिले आकारमान, आणि आकारमान म्हणजे वस्तुमान भागिले घनता. गणित एवढंच आहे, आणि त्यात अवघड काही नाही. वस्तुमान काढायला काटा आहे. सगळी गोची, आणि माझ्या मते सगळी गंमतही, छेदात बसलेल्या आकारमानात आहे. ते मोजायचं कसं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणतं आकारमान धरायचं?

त्याआधी एककांचा काटा काढून टाकू, कारण परीक्षेत निम्मे गुण तिथेच जातात. पाण्याची घनता १ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, आणि तीच १००० किलोग्रॅम प्रति घन मीटर. हजारपट कुठून आले? एका घन मीटरमध्ये १०० × १०० × १००, म्हणजे १० लाख घन सेंटिमीटर बसतात. प्रत्येकात १ ग्रॅम पाणी धरलं तर १० लाख ग्रॅम, म्हणजेच १००० किलो. मीटरभर लांबी-रुंदी-उंचीची टाकी भरली की त्यात एक टन पाणी असतं. एवढं लक्षात ठेवलं की शून्यं मोजत बसावं लागत नाही.

आणि पाण्याचा आकडा इतका गोंडस १ कसा? यात निसर्गाचा काही चमत्कार नाही, माणसांनी तो तसा ठरवला. १७९५ मध्ये फ्रान्समध्ये ग्रॅमची व्याख्याच अशी केली गेली, की वितळत्या बर्फाच्या तापमानाला एक घन सेंटिमीटर शुद्ध पाण्याचं वस्तुमान म्हणजे एक ग्रॅम. पुढे तापमान बदलून ४ अंश सेल्सिअस केलं गेलं. किलोग्रॅम नंतर पाण्यापासून सुटला. १८८९ पासून तो प्लॅटिनम-इरिडिअमच्या एका दंडगोलावर टांगलेला होता, आणि २०१९ पासून प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे भौतिकशास्त्रातल्या एका कधीच न बदलणाऱ्या राशीवर. पाण्याचा आकडा मात्र जवळजवळ १ च राहिला.

हे आकडे अंगवळणी पडावेत म्हणून एक लिटरची बाटली डोळ्यांसमोर आणा. पाण्याने भरली तर १ किलो. पाऱ्याने भरली तर साडेतेरा किलोंच्या वर, एका हाताने उचलताना मनगट भरून येईल. तेवढंच सोनं असेल तर १९.३ किलो. आणि "रिकामी" असेल तर? आत हवा आहे, सव्वा ग्रॅमच्या आत-बाहेर. हवेची घनता साधारण १.२ किलोग्रॅम प्रति घन मीटर. ऐकायला नगण्य वाटतं, पण ४ मीटर लांब, ४ रुंद आणि ३ उंच खोली घ्या: ४८ घन मीटर, म्हणजे ५७ किलोंहून अधिक हवा. एका मोठ्या माणसाच्या वजनाइतकी हवा आपल्याभोवती असते आणि आपण खोली रिकामी म्हणतो.

वाकड्यातिकड्या वस्तूचं काय?

ठोकळ्याला पट्टी लावता येते. दगडाला, किल्लीला, दागिन्याला कशी लावणार? इथे आर्किमिडीज येतो, आणि त्याच्याबरोबर ती मुकुटाची गोष्टही. सिराक्यूजचा राजा हिएरो याला शंका, की सोनाराने मुकुटात चांदी मिसळली. आर्किमिडीज काठोकाठ भरलेल्या हौदात उतरला, पाणी सांडलं, आणि "युरेका" ओरडत तो तसाच रस्त्यावर धावला. वस्तू बुडवली की ती आपल्या आकारमानाइतकंच पाणी बाजूला सारते, हे त्यातलं सार अगदी खरं आहे.

पण सांडलेलं पाणी मोजून त्याने चोरी पकडली, हे जरा गणित करून पाहावं. समजा मुकुट १००० ग्रॅमचा. शुद्ध सोन्याचा असेल तर आकारमान १००० ÷ १९.३, सुमारे ५१.८ घन सेंटिमीटर. ३०० ग्रॅम सोनं काढून तेवढी चांदी घातली असेल (चांदीची घनता १०.५), तर ३६.३ अधिक २८.६, सुमारे ६४.९ घन सेंटिमीटर. फरक १३ घन सेंटिमीटरचा. आता मुकुट मावेल असं भांडं २० सेंटिमीटर व्यासाचं तरी हवं. त्यात १३ घन सेंटिमीटरने पाण्याची पातळी किती बदलेल? जेमतेम ०.४ मिलिमीटर! मुकुटाला चिकटलेले चार बुडबुडे आणि काठावर फुगून राहिलेलं पाणी एवढा फरक सहज गिळून टाकतील. आणि चांदी त्याहून कमी असती तर विचारायलाच नको.

ही शंका गॅलिलिओलाही आली होती. १५८६ मध्ये, विशीत असताना, त्याने लिहून दाखवलं की आर्किमिडीजसारख्या माणसाने हे काम तराजूने केलं असणार. एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच वजनाचं शुद्ध सोनं. हवेत दोन्ही समतोल. मग दोन्ही पारडी पाण्यात बुडवायची. बुडालेल्या वस्तूला पाणी वर ढकलतं, आणि हे ढकलणं बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकंच असतं. भेसळीचा मुकुट १३ घन सेंटिमीटर पाणी जास्त सारतो, म्हणून त्याची बाजू १३ ग्रॅमने हलकी पडते आणि वर उचलली जाते. ०.४ मिलिमीटर डोळ्यांनी टिपण्यापेक्षा १३ ग्रॅम तराजूने पकडणं कितीतरी सोपं.

हीच युक्ती साध्या डिजिटल काट्यावर करता येते. माझ्या मते सगळ्या घरगुती प्रयोगांत याच्याइतका देखणा प्रयोग नाही. काट्यावर अर्धा पेला पाणी ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. वस्तूला बारीक दोरा बांधून ती पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. दोरा हातातच आहे, म्हणजे वस्तूचं वजन तुमच्या हातावर आहे, तरीही काट्यावर आकडा दिसेल. पाणी वस्तूला वर ढकलतं तेव्हा वस्तूही पाण्याला तेवढ्याच जोराने खाली दाबते, आणि ते दाबणं काट्याला कळतं. जितके ग्रॅम दिसतील, तितके घन सेंटिमीटर वस्तूचं आकारमान. आता दोरा सैल सोडून वस्तू तळाला बसू द्या. काटा दाखवेल ते वस्तुमान. समजा लोंबकळताना २० दिसले आणि तळाला टेकल्यावर १६८. घनता ८.४. वस्तू पितळेची असणार, कारण पितळ ८.४ ते ८.७ च्या दरम्यान येतं. उत्तर ७.१ आलं असतं तर मला जस्ताचा संशय आला असता, आणि ५ आलं असतं तर आतून पोकळ असल्याचा.

या मोजणीत किती विश्वास ठेवायचा? काटा अर्ध्या ग्रॅमने इकडेतिकडे चुकू शकतो असं धरा. १६८ मध्ये अर्धा ग्रॅम म्हणजे ०.३ टक्के, सोडून द्या. २० मध्ये अर्धा ग्रॅम म्हणजे अडीच टक्के. म्हणजे खरं उत्तर ८.२ ते ८.६ मध्ये कुठेतरी. चूक जवळपास सगळी आकारमानातून आली. म्हणून कॅल्क्युलेटरवर ८.४१३७ असं काही आलं, तरी ८.४ लिहून थांबावं. पुढचे आकडे काट्याचे नसतात, ते भागाकाराने उगाच जन्माला घातलेले असतात.

घनतेवरून ओळख पटते खरी, पण आंधळेपणाने नाही. टंगस्टनची घनता १९.२५ आहे आणि सोन्याची १९.३. सोन्याचा मुलामा दिलेला टंगस्टनचा तुकडा ही पाण्याची परीक्षा आरामात पास होईल. आर्किमिडीजच्या काळात टंगस्टन कुणाला माहीत नव्हतं, हे राजाचं नशीब.

शिसं सोन्याला का हरतं

शिसं म्हणजे जडपणाचा पुतळा अशी आपली समजूत. शिशाचा अणूही सोन्याच्या अणूपेक्षा वजनदार आहे: शिसं २०७, सोनं १९७. तरी घनतेत शिसं ११.३४ आणि सोनं १९.३. हा उलटा न्याय कसा?

पुन्हा आकारमानच. या दोन्ही धातूंत अणू एकाच पद्धतीने रचलेले असतात, चौकोनी खोकी एकावर एक लावावीत तसे, आणि प्रत्येक खोक्याच्या वाट्याला चार अणू येतात. फरक खोक्याच्या बाजूत आहे. सोन्याच्या खोक्याची बाजू ०.४०८ नॅनोमीटर, शिशाच्या खोक्याची ०.४९५. फार नाही वाटत ना? पण आकारमानासाठी बाजूचा घन करावा लागतो. तो केला की शिशाचं खोकं सोन्याच्या सुमारे १.७९ पट मोठं निघतं. अणू जेमतेम पाच टक्क्यांनी जड आणि जागा जवळजवळ पावणेदोनपट! १९.३ ला १.०५ ने गुणून १.७९ ने भागा, ११.३ च्या आसपास येतं. प्रयोगशाळेत न जाता, नुसत्या खोक्याच्या मापावरून शिशाची घनता काढली आपण.

याच पद्धतीने एक जुना वाद मिटला. सर्वांत जास्त घनता ऑस्मिअमची की इरिडिअमची, यावर बरीच वर्षं एकमत नव्हतं, कारण दोघांत फरक अगदी केसाएवढा आणि नमुन्यात जराशी पोकळी राहिली तरी निकाल फिरायचा. क्ष-किरणांनी अणूंमधली अंतरं मोजून हिशेब केला तेव्हा ऑस्मिअम २२.५९ आणि इरिडिअम २२.५६ ठरलं.

कोणतं आकारमान?

आता खऱ्या चकव्याकडे. कोरड्या वाळूने एक लिटरचं भांडं काठोकाठ भरा. साधारण १.६ किलो भरेल. म्हणजे वाळूची घनता १.६? पण वाळूचा कण मुख्यतः क्वार्ट्झचा, आणि क्वार्ट्झची घनता २.६५. कोणतं खरं? दोन्ही खरी. १.६ ही ढिगाची घनता, तिच्यात कणांमधली हवाही आकारमानात धरलेली आहे. २.६५ ही कणाची. आणि या दोन आकड्यांतून तिसरी गोष्ट फुकट मिळते: १.६ ÷ २.६५ म्हणजे ०.६, अर्थात भांड्यात ६० टक्केच वाळू आहे आणि ४० टक्के पोकळी. त्या "भरलेल्या" भांड्यात अजून सुमारे ४०० मिलिलिटर पाणी ओतता येतं. मातीत पाणी किती मुरेल, धान्याच्या कोठारात किती टन मावेल, खडी किती ट्रक लागेल, या सगळ्या हिशेबांत आधी विचारायचं, की आकडा ढिगाचा की कणाचा. हे न विचारता तक्त्यातली घनता वापरली की हिशेब दीडपटीने चुकतो.

लाकूडही तसंच. ज्या पदार्थाच्या भिंतींनी लाकडाच्या पेशी बनतात त्याची घनता सुमारे १.५, म्हणजे तो पाण्यात बुडणारा आहे. लाकूड तरंगतं ते पेशींतल्या पोकळ्यांच्या जिवावर. पाण्यात वर्षानुवर्षं पडलेला ओंडका तळाला जातो, कारण त्या पोकळ्यांत हवेच्या जागी पाणी भरतं.

याचं टोक म्हणजे एरोजेल, जवळजवळ सगळा पोकळ्यांचाच बनलेला घन पदार्थ. २०१३ मध्ये चीनमधल्या झेजियांग विद्यापीठात ग्राफीनचं (कार्बनच्या अतिपातळ पापुद्र्यांचं) एरोजेल बनवलं गेलं, घनता ०.१६ मिलिग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. हवेची १.२ मिलिग्रॅम. हवेपेक्षा हलका घन पदार्थ! मग तो फुग्यासारखा वर का जात नाही? कारण ०.१६ मध्ये त्याच्या छिद्रांतली हवा मोजलेली नाही. ती धरली की बेरीज हवेपेक्षा जास्तच होते. अशा बातम्या वाचताना छेदात काय धरलं आणि अंशात काय वगळलं, एवढं पाहिलं तरी पुरतं.

जहाज याच गोष्टीची उलटी बाजू. पोलादाची घनता ७.८, तरी पोलादी जहाज तरंगतं, कारण पाण्याला पोलाद दिसत नाही, पाण्याखाली गेलेला सगळा आकार दिसतो, आतल्या हवेसकट. एकूण वस्तुमान भागिले बाहेरचं एकूण आकारमान पाण्याच्या घनतेपेक्षा कमी असेल तोवर जहाज वर. छिद्र पडून हवेच्या जागी पाणी शिरलं की हिशेब बदलतो, पोलाद बदलत नाही. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ आणि नदीच्या पाण्याची १, एवढ्याशा फरकानेही जहाजाची बैठक बदलते. समुद्रात १० मीटर खोल बसलेलं, डब्यासारख्या सरळ बाजूंचं जहाज नदीच्या मुखात शिरलं की २५ सेंटिमीटर आणखी खाली जातं. मालवाहू जहाजांच्या बाजूवर ज्या भार-रेषा रंगवलेल्या असतात, त्यांत गोड्या पाण्यासाठी वेगळी रेषा असते ती यामुळेच. ही खूण जहाजांवर सक्तीची करणारा ब्रिटिश कायदा १८७६ चा.

मिश्रणांची गणितं करताना विद्यार्थी एक हमखास चूक करतात, घनतांची थेट सरासरी काढतात. तांबं ८.९६, अ‍ॅल्युमिनिअम २.७०, सरासरी ५.८३. हे बरोबर आहे, पण दोघांचं आकारमान सारखं असेल तरच. वस्तुमान सारखं असेल, प्रत्येकी १०० ग्रॅम, तर? तांबं ११.२ घन सेंटिमीटर जागा घेईल, अ‍ॅल्युमिनिअम ३७.०. एकूण २०० ग्रॅम ४८.२ मध्ये, घनता ४.१५. हलक्या धातूने जास्त जागा अडवली, म्हणून उत्तर त्याच्याकडे झुकलं. नियम एकच: सगळं वस्तुमान बेरीज करा, सगळं आकारमान बेरीज करा, आणि शेवटी एकदाच भागा.

आणि हाही नियम कधीकधी दगा देतो. ५० मिलिलिटर पाण्यात ५० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल मिसळलं तर १०० मिलिलिटर होत नाही. सुमारे ९६.५ होतं. सांडलं नाही, उडालं नाही. दोघांचे रेणू एकमेकांना ओढून जवळ बसतात, दाटीवाटीने मावतात. वस्तुमानाची बेरीज नेहमी जुळते, आकारमानाची जुळेलच असं नाही.

तापमान, दाब आणि पाण्याचा हट्ट

आकारमान तापमानाबरोबर बदलतं, म्हणून घनताही. तापवलेली वस्तू फुगते, वस्तुमान तेवढंच, घनता कमी. घन आणि द्रवांत हा फरक थोडा, वायूंत चांगलाच. २० अंशांची हवा १.२० किलोग्रॅम प्रति घन मीटर, १०० अंशांची ०.९५ च्या आसपास. हवेत उडणाऱ्या मोठ्या फुग्यात २८०० घन मीटर गरम हवा असेल, तर प्रत्येक घन मीटरमागे पाव किलोची सूट मिळून सुमारे ७०० किलो उचलण्याची ताकद येते. त्यात कापड, पाटी, शेगडी आणि माणसं. १७८३ मध्ये पहिला असा फुगा उडवणाऱ्या माँगोल्फिए बंधूंची समजूत होती, की जाळातून काही खास हलका वायू निघतो. खास काही नव्हतं, नेहमीचीच हवा ऐसपैस पसरली होती.

पाणी मात्र या नियमाला ४ अंशांपाशी अडून बसतं. वरून थंड होत येताना ते नेमाने आकसतं, ४ अंशांना सर्वांत दाट होतं, आणि त्याखाली पुन्हा फुगायला लागतं. गोठताना तर एकदम ९ टक्के फुगतं, कारण बर्फात रेणू एकमेकांना ठरावीक कोनांत धरून ठेवतात आणि मध्ये मोकळी जागा सोडतात. बर्फाची घनता ०.९१७. तळं थंडीत वरून गोठतं ते म्हणून. ४ अंशांचं दाट पाणी तळाशी बसतं, त्याहून थंड पाणी वर राहतं, त्यावर बर्फाचं झाकण, आणि खाली मासे जिवंत. हिमनगाचं गणितही यातच आलं: ०.९१७ ÷ १.०२५ म्हणजे जवळजवळ ०.९. दहातले नऊ भाग पाण्याखाली.

द्रवाची घनता मोजायला काटासुद्धा लागत नाही. तळाशी वजन बसवलेली काचेची नळी द्रवात सोडायची, द्रव दाट असेल तर ती वर उचलली जाते, पातळ असेल तर खाली जाते. याला हायड्रोमीटर म्हणतात. शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण चार्ज असते तेव्हा आतल्या आम्लाची घनता १.२७ च्या आसपास असते, आणि उतरत जाते तशी १.१ कडे घसरते, कारण आम्लातलं सल्फेट पट्ट्यांवर जाऊन बसतं आणि मागे पाणी उरतं.

अर्ध्या टक्क्यातला वायू

घनता नीट मोजण्याने काय हाती लागू शकतं, याची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांची. १८९२ च्या सुमारास ते नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून ऑक्सिजन, बाष्प वगैरे काढून उरलेला नायट्रोजन लिटरला १.२५७२ ग्रॅम भरत होता. अमोनियासारख्या संयुगातून मिळवलेला १.२५०५. फरक अर्ध्या टक्क्याचा. दुसऱ्या कुणी "चालायचंच" म्हणून सरासरी काढली असती. रॅलींनी मोजणी पुन्हा पुन्हा केली, पण फरक काही हटेना.

विल्यम रॅम्झी यांच्यासोबत त्यांनी हवेतला सगळा नायट्रोजन रासायनिक क्रियेने शोषून घेतला, तर तळाशी थोडा वायू उरलाच. कशाशीही संयोग न करणारा, नायट्रोजनहून दाट. १८९४ मध्ये त्यांनी तो जाहीर केला आणि ग्रीक भाषेत "आळशी" अशा अर्थाचं नाव दिलं, आर्गॉन. आपल्या प्रत्येक श्वासात सुमारे एक टक्का आर्गॉन असतो, आणि तोवर कुणाला पत्ता नव्हता. १९०४ मध्ये दोघांनाही नोबेल मिळालं, रॅलींना भौतिकशास्त्राचं आणि रॅम्झींना रसायनशास्त्राचं.

म्हणजे, एकाला पत्ता लागता लागता राहिला होता. १७८५ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेत विजेच्या ठिणग्या पाडून नायट्रोजन संपवला, तेव्हा शेवटी एक बुडबुडा संपेना. त्यांनी नोंदवून ठेवलं, की उरला तो मूळ नायट्रोजनच्या १२० व्या भागाहून जास्त नाही. तो बुडबुडा आर्गॉनचा होता. त्याची घनता मोजायचं मात्र राहून गेलं.

याच कॅव्हेंडिशनी १७९८ मध्ये अख्ख्या पृथ्वीची घनता काढली. शिशाचे मोठे गोळे लहान गोळ्यांना किती ओढतात हे नाजूक तारेवर टांगलेल्या दांडीने मोजलं, आणि पृथ्वीच्या ओढीशी तुलना केली. छापलेलं उत्तर ५.४८. त्यात सरासरीच्या हिशेबात किरकोळ चूक राहून गेली होती, नीट केलं तर ५.४५ येतं. आजचा आकडा ५.५१. आपल्या पायाखालचे खडक मात्र २.७ ते ३ च्या दरम्यानचे. एकूण सरासरी ५.५ यायची तर खोल आत काहीतरी बरंच दाट असलं पाहिजे. ते मुख्यतः लोखंड, आणि तेही नेहमीचं ७.८७ चं नाही. वरच्या प्रचंड दाबाने चेपून पृथ्वीच्या केंद्रापाशी घनता १३ च्या आसपास गेलेली असते.

राहिलं ते कोडं. हवासुद्धा पाण्यासारखीच वस्तूला वर ढकलते, फक्त फार हळू. एक किलो लोखंड १२७ घन सेंटिमीटर हवा बाजूला सारतं, म्हणजे ०.१५ ग्रॅम. कापसाचं आकारमान घेताना ढीग धरायचा नाही, धागे धरायचे, कारण ढिगातल्या पोकळ्यांत हवा आहेच. धाग्याची घनता १.५ च्या आसपास. एक किलो कापूस सुमारे ६५० घन सेंटिमीटर हवा सारतो, जवळजवळ ०.८ ग्रॅम. म्हणजे तराजूत दोन्ही पारडी अगदी समतोल असतील, तर कापसाच्या पारड्यात सुमारे ०.६ ग्रॅम पदार्थ जास्त आहे. तो तराजू काचेच्या हंडीखाली ठेवून आतली हवा काढून घेतली, तर कापसाचं पारडं खाली जाईल.